मुद्दलाला किती लागले?

भाची : मामा, कर्ज फेडायची एवढी घाई कशाला, असं तुम्ही दर भेटीत विचारता. आज कारण सांगते. आम्ही फ्लॅट घेतला मार्च 2021 मध्ये. मुद्रांक शुल्कातली दोन टक्क्यांची सवलत 31 मार्चला संपणार होती, म्हणून धावतपळत करार नोंदवला. 25 लाखांचं कर्ज, व्याज 7 टक्के, मुदत 20 वर्षं, हप्ता 19,382 रुपये. दर महिन्याच्या पाच तारखेला तेवढेच जायचे, त्यामुळे आम्ही निर्धास्त. रिझर्व्ह बँकेनं मे 2022 पासून रेपो दर वाढवायला घेतला आणि चारचा फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा केला, हे बातम्यांत ऐकत होतो. पण हप्ता तोच राहिला, म्हणून ती बातमी आपली वाटलीच नाही. मग आयकराच्या कामासाठी कर्जखात्याचा उतारा काढला. आमचा दर साडेनऊ झाला होता. हप्त्यातले 18,900 च्या वर व्याजात जात होते आणि मुद्दलाला लागत होते 460 रुपये. दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता बाकी होती 23 लाख 90 हजार. त्या गतीनं फिटायला आणखी 39 वर्षं लागली असती, आणि ह्यांचं वय तेव्हा 41 होतं. तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच काम चाललं आहे.

मामा : उतारा वाचलास हे फार चांगलं केलंस. पगारदारांच्या पतपेढीत माझी तीस वर्षं गेली. एवढ्या काळात स्वतःहून उतारा मागणारे सभासद बोटांवर मोजण्याएवढे भेटले. बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच, हप्ता किती बसेल? दर वाढला की हप्ता तोच ठेवायचा आणि मुदत लांबवायची, ही देणाऱ्याला सोपी आणि घेणाऱ्याला न दिसणारी वाट होती. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये बजावलं. तुम्ही हप्ता 23,100 वर नेलात, म्हणजे मूळ मुदतीत फिटेल एवढा केलात. तिथपर्यंत मी तुझ्या बाजूनं आहे. पण त्यानंतर जावयांचा बोनस, रजेचे पैसे, तुझ्या शिकवण्यांची कमाई, सगळं तुम्ही त्याच खात्यात ओतता आहात. पोरी, मुद्दलात घातलेला पैसा भिंतीत जातो आणि भिंत विकल्याशिवाय बाहेर येत नाही. आमच्या एका सभासदानं घरकर्ज मुदतीच्या सहा वर्षं आधी मिटवलं आणि आम्हा सगळ्यांना पेढे दिले. आठ महिन्यांत बायकोचं ऑपरेशन निघालं. हातात काही नाही. तो माझ्या टेबलासमोर आला साधं कर्ज मागायला, दोन जामीनदार शोधत. साडेआठ टक्क्यांचं कर्ज मिटवून त्यानं चौदाचं घेतलं. त्याची चूक काय होती? फेडायची तळमळच होती ना?

भाची : त्या माणसाचं दुःख मला कळतं. पण आता माझा हिशेब ऐका. 23,100 च्या हप्त्यात आम्ही दरमहा पाच हजार वाढवून भरले. दर साडेनऊच धरला, तरी अठरा वर्षांचं कर्ज बारा वर्षांच्या आत येतं आणि व्याज दहा लाखांच्या आसपास वाचतं. बदलत्या दराच्या घरकर्जावर आगाऊ फेडीचा दंड बँकांना 2012 पासून घेता येत नाही, त्यामुळे भरलेला रुपयान् रुपया मुद्दलातच जातो. तेच पाच हजार मुदत ठेवीत ठेवले असते तर सात टक्के मिळाले असते आणि त्यावरही कर. ह्यांनी नवी करपद्धती घेतली आहे, राहत्या घराच्या व्याजाची वजावट तिथे मिळत नाही. मग साडेनऊनं देणं आणि सातनं ठेवणं यात शहाणपण कुठलं? शिवाय 25 लाखांवर वीस वर्षांत तीस लाख व्याज! पूर्वी म्हणे दामदुपटीचा नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही.

मामा : तो नियम तू थोडा वेगळा ऐकला आहेस. दामदुपट लागते ती एका वेळी थकून राहिलेल्या व्याजाला. वर्षानुवर्षं भरत गेलेल्या व्याजाची बेरीज तिच्यात धरत नाहीत. आणि बँकेच्या घरकर्जाला ती लागत नाही. सावकाराला आजही लागते, 2014 च्या सावकारी नियमन कायद्यात ती आहे. तू मात्र नकळत जुन्या वाटेवर आली आहेस. मे 1875 मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं काढून जाळली. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खतावर काय लिहिलंय तेवढ्यावर न थांबता मूळ देवघेव तपासायचा अधिकार त्यानं कोर्टाला दिला. पहिल्यांदा खरे किती दिले, व्याज किती लावलं, परत किती आले, हे सगळं तपासायचं. उतारा काढून तू तेच केलंस. पण दर बदलतात, तसा हिशेबही बदलायला हवा. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो साडेसहाचा साडेपाच झाला. तुमचा साडेनऊचा साडेआठ झाला असेल. ठेव आणि कर्ज यांतलं अंतर कमी होत चाललं. तेवढ्या अंतरासाठी घर कोरडं ठेवायचं का? अशीही कर्जखाती असतात, की जास्तीचे पैसे खात्यात ठेवले तर तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरजेला काढताही येतात. तसं खातं का नाही घेतलं?

भाची : कारण मी आमचं घर ओळखते. काढता येणारा पैसा आमच्याकडे टिकत नाही. तो आम्ही उधळत नाही, लोक मागतात आणि आम्हाला नाही म्हणता येत नाही. दिराचं लग्न झालं तेव्हा ठेव होती म्हणून मोडली. नसती तर मांडव थोडा लहान पडला असता, लग्न अडलं नसतं. आता कोणी मागितलं तर हे सांगतात, सगळं कर्जात भरलं. ते खरंच असतं, त्यामुळे सांगताना मान खाली जात नाही. पैसा भिंतीत जातो म्हणालात ना मामा, भिंतीत गेल्यामुळेच तो राहिला.

मामा : हे मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे ठेवी मोडायला येणारे निम्मे लोक दुसऱ्याच्या गरजेसाठी यायचे, हे मात्र डोळ्यांनी पाहिलंय. बरं, घरकर्ज बाजूला ठेव. बाकीची देणी कशी मिटवलीत?

भाची : ती सांगायला मला आवडतं, कारण त्यात सगळं घर होतं. एका रविवारी जेवणं झाल्यावर मुलीच्या वहीतलं पान फाडून सगळी देणी लिहिली. ह्यांच्या कंपनीतल्या सोसायटीचं कर्ज. क्रेडिट कार्डाचे 62 हजार. फ्रिज आणि फोनचे हप्ते. माझ्या पाटल्या तारण ठेवून घेतलेले दीड लाख. आणि सासऱ्यांच्या आजारपणात ह्यांच्या आत्याकडून घेतलेले हातउसने 80 हजार. लिहायच्या आधी आम्हा दोघांनाही बेरीज माहीत नव्हती. ह्यांना कार्डाचा आकडा माहीत होता, मला आत्याबाईंचा. पहिलं कार्ड घेतलं. त्याचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. आम्ही मात्र दर महिन्याला किमान रक्कम भरून समाधानी होतो. मग फोनचा हप्ता. तो दहा टक्के म्हणून सांगितला होता, पण दहा टक्के पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीसाठी लावले होते. घटत्या बाकीवर मांडला तर तीन वर्षांच्या हप्त्यांत जवळपास अठरा होतो. हे मी दुकानात उभी असताना मला कोणी सांगितलं असतं तर! दूध, रिक्षा, बाहेरचं खाणं, सगळ्याचा हिशेब लिहू लागलो. दर 10 हजार फिटले की मुलगी कपाटातल्या कागदावर एक चौकोन रंगवते. ती तेव्हा पाचवीत होती.

मामा : दहा टक्क्यांची ती गंमत नव्हे, ती फसगतच आहे. ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जांना सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर एका पानावर लिहून देणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलंय. ते पान मागून घ्यायला हवं, इतकंच. पण मला आत्याबाई आणि पाटल्यांकडे यायचं आहे. आत्याबाईंचे बिनव्याजी. म्हणजे जास्त व्याजाचं देणं आधी, या तुझ्या नियमानं ते सर्वांत शेवटी?

भाची : हिशेबानं शेवटी. पण हे ऐकेनात. म्हणाले, बँकेला माझं तोंड दिसत नाही, आत्याला दिसतं. श्रावणात तिच्याकडे जेवायला जायचं तर घास गिळत नाही. ती कधीच काही बोलली नाही, आणि तेच ह्यांना टोचत होतं. मग कार्डानंतर तिचे दिले. पाटल्या वर्षभर पुढे ढकलल्या. सोनेतारण वर्षाचं असतं, व्याज भरलं आणि नवं-जुनं करून घेतलं.

मामा : थांब. इथे मला बोलू दे, आणि राग मानू नकोस. हातउसन्याचं ओझं किती असतं मला माहीत आहे. पतपेढीचा हप्ता थकवून पाहुण्यांचे पैसे देणारे कितीतरी पाहिले, आणि त्यांच्यापायी जामीनदाराच्या पगारातून कपात करायची पाळी माझ्यावर आली. ज्यानं एक रुपया वापरला नाही, त्याच्या पगाराला कात्री! जामीनदाराची बायको ऑफिसात येऊन रडायची आणि कागद माझ्या बाजूनं असूनही माझ्याकडे उत्तर नसायचं. म्हणून कोणतं देणं आधी, हा निव्वळ टक्क्यांचा प्रश्न नाही असं तू म्हणशील तर मला मान्य आहे. पण तुम्ही जे केलंत ते नीट बघ. जावयांची मान मोकळी झाली. ती कशावर? तुझ्या पाटल्या आणखी एक वर्ष तिजोरीत राहिल्या यावर. व्याजही तूच भरलंस, तुझ्या शिकवण्यांतून. तीस वर्षांत सोनेतारणाच्या खिडकीवर मी हजारो पिशव्या सील केल्या. सोनं बाईचं आणि सही नवऱ्याची, असंच बहुतेकदा. बायका बाकावर बसायच्या. वजन होताना काट्याकडे बघायच्या आणि पिशवीवर सील लागलं की दुसरीकडे. तुझ्या नियमानं सोनं आत्याबाईंच्या आधी सुटायला हवं होतं. ते का नाही सुटलं?

भाची : कारण मीच म्हणाले, राहू दे. मामा, तुम्ही बाकावर बसलेल्या बायका पाहिल्या, पण त्या घरून काय ठरवून आल्या होत्या ते नाही पाहिलं. मला कोणी ओढून नेलं नव्हतं. सासऱ्यांचा अतिदक्षता विभागातला सहावा दिवस होता आणि पाटल्या माझ्या हातात होत्या. त्या माझ्या होत्या म्हणूनच मी देऊ शकले. आणि वर्षभर राहिल्या तर राहिल्या. ह्यांना रात्री झोप लागायला लागली, ती मला पाटल्यांपेक्षा मोठी होती. त्या मागच्या वर्षी सुटल्या. आता सोसायटीचे सोळा हप्ते आणि घर, एवढंच राहिलंय. तुम्ही त्यागाची बेरीज मांडता तेव्हा आमच्या घरातला आनंद त्यातून गळून जातो. एखाद्या रात्री आम्ही तिघं कपाट उघडून नुसते उभे राहतो.

मामा : तिघं. म्हणजे मुलगीही. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. दिवाळीत ती माझ्याकडे आली होती. तिला म्हटलं, सायकल घेऊ या का तुला? लगेच म्हणाली, नको मामाआजोबा, मला चालायला आवडतं. बारा वर्षांच्या पोरीला चालायला आवडतं! शाळेच्या सहलीचा कागद तिनं तुम्हाला दाखवलाच नाही, हे तूच मला सांगितलंस. तिला कोणी नाही म्हणालं नव्हतं. तिनं आधीच स्वतःला नाही म्हणून घेतलं. कर्ज फिटेल पोरी, एक दिवस शून्य होईल. पण मागायचंच नाही ही सवय त्याच दिवशी सुटते का? मी फेडणाऱ्यांची मुलं पाहिली आहेत. मोठी होऊन चांगलं कमावतात, आणि डॉक्टरकडे जायला दोन दिवस उशीर करतात.

भाची : सहलीचं मला आठवड्यानं कळलं, दप्तर धुताना. त्या रात्री मी जेवले नाही. तुम्ही बोललात ते अगदी बरोबर ठिकाणी लागलं. पण मला दुसरं घरही माहीत आहे, तुमच्या बहिणीचं. बाबांनी कर्ज कधी सांगितलं नाही. दारात माणूस यायचा आणि आम्हाला सांगितलेलं असायचं, बाबा घरी नाहीत म्हणायचं. बाबा आत मोरीत उभे असायचे. मी नऊ वर्षांची होते. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही, त्याची चप्पल मात्र आठवते. आईचं सोनं कधी गेलं हे आईलाही तारखेनिशी सांगता येत नाही. आम्हीही मागायचं बंदच केलं होतं मामा, पण कशासाठी ते माहीत नव्हतं. माझ्या मुलीला आकडा माहीत आहे, तो कमी होतोय हे माहीत आहे. सहलीला न जाणं वाईटच. पण माझ्या मुलीला दारातल्या माणसाशी खोटं बोलावं लागलं नाही. या दोहोंखेरीज तिसरं घर असेल तर दाखवा, मी आजच तिथे जाते.

मामा : ताईच्या त्या घरात मी येत होतो आणि मला कळलं नाही. पतपेढीत बसून सगळ्या गावाची खाती मला पाठ होती. … तिसरं घर माझ्याकडे तयार नाही. एवढं म्हणेन, की त्या पानावर देणी लिहिलीत तशा गरजाही लिहायला हव्या होत्या. सहल, दवाखाना, तुझी वर्षातली दोन लुगडी. त्या लिहिल्या नाहीत म्हणून ज्याला जे सोडता आलं ते तो गुपचूप सोडत गेला. तू सर्वांत जास्त, मग मुलगी. बरं, एक व्यवहाराचं विचारतो. जावयांचा आयुर्विमा किती आहे?

भाची : कंपनीचा आहे तेवढाच. मुदतीच्या विम्याची चौकशी केली होती, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास म्हणाले. त्या वर्षी ते पंधरा हजार मुद्दलात घातले.

मामा : म्हणजे दीड चौकोन. मला तेवढंच हवं होतं. आता ऐक. जावयांना दीर्घायुष्य मिळो, पण हिशेबाला भीड नसते. कर्जाला तू सहकर्जदार आहेस. उद्या काही झालं तर उरलेलं सगळं कर्ज तुझ्या एकटीच्या नावावर उभं राहील, अर्धं नव्हे. पगारातून, शिकवण्यांतून, तूच भरायचं. आणि घर? करारनाम्याचं पहिलं पान आठव. 'लिहून घेणार' म्हणून कोणाचं नाव आहे?

भाची : ह्यांचं. एकट्याचं. बुकिंगची रक्कम ह्यांनी भरली होती, त्याच नावानं करार झाला. नंतर बँक म्हणाली, एका पगारावर एवढं कर्ज बसत नाही, बायकोची पगारपत्रकं आणा. मी आणली आणि सह्या केल्या. किती पानांवर केल्या आठवत नाही. महत्त्वाचं वाटलं नाही मामा. घर आमचं आहे.

मामा : तुझ्या मनात आहे, त्यांच्याही मनात आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगी आणि जावयांची आई असे तीन सारखे वाटे होतात. घराचा तिसरा हिस्सा तुझा आणि कर्ज पूर्ण तुझं. नवऱ्यानं राहतं घर बायकोला बक्षीसपत्रानं द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं, वर स्थानिक अधिभार. पण घर बँकेकडे गहाण असेपर्यंत बँकेची संमती लागेल. मृत्युपत्राला तेही लागत नाही. इतकी वर्षं तुम्ही दुधाच्या पिशवीचाही हिशेब लिहिलात, पाटल्यांचं व्याज लिहिलंत, हे एक लिहायचं राहिलं. घाई करायचीच असेल तर मुद्दलाच्या आधी याची कर.

भाची : तुम्ही मला उलट माझ्याच बाजूला ढकलताय. कर्ज लवकर फिटलं तर बँकेनं तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई, असा नियम आहे. कागद हातात आले की नाव लावायला कोणाला विचारायला नको. म्हणजे आणखी जोरानं फेडायला हवं.

मामा : किंवा आज विचारायला हवं, आणि मग फेडायला. दोन्हींत फार फरक आहे. फिटल्यावर विचारशील तेव्हा तुझे सगळे हप्ते देऊन झालेले असतील.

भाची : विचारणं सोपं नाही. ह्यांना वाटेल, हिनं कधीपासून मोजायला घेतलं? त्या कपाटासमोर आम्ही कधी तुझे-माझे मोजले नाहीत, म्हणून एवढं फिटलं. मोजलं तर तो कागद तसाच राहील का, मला माहीत नाही. आणि मोजलं नाही तर मुलगी उद्या तिच्या घरात हेच करील, हेही आता तुमच्यामुळे दिसायला लागलं. पाच तारखेला हप्ता जाईल, त्यात काही चुकायचं नाही. त्याआधीच्या रविवारी मी दुसरं पान फाडणार आहे. त्यावर पहिली सहल लिहीन, मग विमा, मग करारनाम्यातलं नाव. ह्यांच्यासमोर लिहीन. मुलगीही तिथेच असेल.